दुधातली गोळी

आमच्या ह्यांच्या फिट थांबल्या त्या चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनेने, असं सगळे म्हणायचे. मी काही बोलायची नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ लाटण्याखाली एक गोळी चुरायची, साखर घालून दुधात ढवळायची आणि पेला ह्यांच्या हातात द्यायची.

हे लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर मिस्त्री आहेत. ओंडका पुढे सरकवायचा आणि फळी सरळ उतरवायची. फिरतं पातं आणि बोटं यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असतं. फिट आल्या त्या घरातच आल्या, हे आमचं नशीब. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण त्याच रविवारी आमचे पाळक म्हणाले, ज्याच्या विश्वासाला भोक पडतं त्याच्याच अंगात दुखणं शिरतं. नाव कुणाचं घेतलं नाही, तरी बाकांवरची सगळी तोंडं आमच्याकडे वळली. घरी येऊन ह्यांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. "मी असं काय पाप केलंय, तूच सांग," एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण रस्त्याने जाताना भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला.

मी गोळ्या कचऱ्यातून उचलल्या, संपल्यावर स्वतः जाऊन आणल्या. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही.

फिट थांबल्या. ह्यांनी मंडळीपुढे उभं राहून, प्रार्थनेने बरा झालो अशी साक्ष दिली, पाळकांनी मिठी मारली. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. बायकांना वाटलं, आनंदाने रडतेय. हे पुन्हा ताठ मानेने चालू लागले. कुरकुर काय ती फक्त दुधाची.

"हल्ली दूध कडवट लागतं गं."

"दूधवाल्याला विचारा," मी म्हणायची. बिचाऱ्याने विनाकारण किती बोलणी खाल्ली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हे एक दिवस हसत घरी आले. "तीन दिवस उपास धरतोय, आभार म्हणून. फक्त पाणी. रविवारी पुन्हा साक्ष द्यायची आहे."

मी लगेच म्हटलं, "दूध तेवढं घ्या की. दुधाने कुठे उपास मोडतो?"

"मोडतो. देवाशी घासाघीस करू नये."

"मग कामावर तरी जाऊ नका."

"बरा झालेला माणूस घरी कशाला बसेल?"

खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा भिंतीला लागणार, आणि या वेळी कायमचा. नाही सांगितलं तर समोर करवत. पाण्यात कडू गोळी लपली नसती, म्हणून पहिला दिवस मी नुसती आत-बाहेर करत काढला. प्रार्थनेला बसले, तीही धड जमेना. कोणत्या तोंडाने मागू? माझंच काम मी देवाच्या नावावर खपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. एकाएकी डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. डोळे आरशाकडे होते, पण आरशात बघत नव्हते. मी हाक मारली, ती ऐकूच गेली नाही. मग एकदम भानावर आले. "काय गं, अशी काय बघतेस?"

फिट येण्याआधी असंच व्हायचं. मी तोंड उघडलं आणि भीतीने मिटलं. हे निघून गेले.

वखार आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. करवतीच्या आवाजावर माझी घरातली कामं चालतात. ओंडका लागला की आवाज जाड होतो, फळी सुटली की बारीक. त्या सकाळी आवाज जाड झाला आणि जाडच राहिला. मी गोळ्यांचं पाकीट मुठीत धरलं आणि अनवाणी धावत सुटले.

हे उभे होते. अख्खा, सगळ्यांत जाड ओंडका करवतीवर होता, म्हणून आवाज लांबला होता. पण मला दिसला तो फक्त अंगठा, फळीवर उडणारा. हाक मारायची सोय नव्हती, दचकले असते तर संपलंच. मी दाराजवळचं मोठं बटण दाबलं. पातं घरघरत थांबलं.

"वेड लागलं का तुला?"

मी मूठ उघडली. "तुमच्या फिट या गोळ्यांनी थांबल्या. मी दुधातून देत होते."

मालक ऐकत होते. सगळी वखार ऐकत होती. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओरडतील असं वाटलं होतं, त्याऐवजी अगदी हळू म्हणाले, "म्हणजे प्रभूने माझं ऐकलंच नाही?"

मला रडू फुटलं. मग तशीच बोलत राहिले. "माझी आई शेवटी शेवटी फार भ्यायची. म्हणायची, मला भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? जुने पाळक तिच्या उशाशी बसून सांगायचे, अहो, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभू स्वतः घाबरला होता. हे टळू दे म्हणून बापाला विनवत होता. टळलं नाही. म्हणून काय बापाने ऐकलं नाही असं म्हणायचं? ते ऐकून आई शांत झोपायची. तुम्हाला ते कुणी सांगितलंच नाही हो."

हे आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. तो अजून उडत होता, आता सगळ्यांनाच दिसत होता. मालकांनी पुढे होऊन करवतीची किल्ली काढली आणि खिशात घातली. म्हणजे हे कामही आता राहतं की जातं, कोण जाणे.

"दे," हे म्हणाले.

"पाण्यानेच घ्या. उपास मोडणार नाही."

सगळ्यांसमोर त्यांनी अख्खी गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "दूधवाल्याची माफी मागायला हवी." मग ओंडक्यावर बसले. "रविवारी काय सांगू?"

"सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो म्हणून सांगा."

"आणि पाळक?"

मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या खिशात घातलं.

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले. इतक्या वर्षांत ते शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"मलाही," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. अंगठा माझ्या कातडीवर उडत होता. तो थांबेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.