मधली तुकडी

"आय ॲम टायर्ड..." नेत्रा म्हणाली आणि अडली.

"पुढचा शब्द?" इंग्रजीच्या क्लासातल्या विनोद सरांनी विचारलं.

"फ्रॉम... की ऑफ, सर?"

"ते मला विचारू नका, स्वतःला विचारा. अभ्यास करून अंग आंबलं असेल तर फ्रॉम स्टडीइंग. अभ्यासाचा वीटच आला असेल तर ऑफ. परीक्षक नेमकं काय ते ऐकणार. बोला."

"फ्रॉम," नेत्रा म्हणाली. वीट यायला तिच्याकडे सवडच नव्हती.

तिशी ओलांडलेली ही मुलगी रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि रात्रपाळ्या करता करता ती झेपत नाही, हे एकदा गुण कमी पडल्यावर तिला कळलं. म्हणून नोकरी सोडून ती अभ्यासाला बसली. हरिश्चंद्राची पोर घरी बसली, एवढंच त्यांच्या मिऱ्या गावात घरोघर पोचलं. कशाला बसली, ते विचारायला कुणी थांबलं नाही.

त्यांच्या घरात एक रीत होती. सुरमई आली की तिची मधली, जाड तुकडी दिवसभर दमून आलेल्याच्या ताटात पडायची. बहुधा ती वडिलांना, हरिश्चंद्रांना मिळे, कधी त्यांच्याबरोबर होडीवर जाणाऱ्या भावाला, भावेशला. आई काशी मासळी बाजारातून कंबर धरून आली, तर बिनदिक्कत स्वतःलाच वाढून घ्यायची आणि कुणी ब्रही काढत नसे. दवाखान्यात दुहेरी पाळी करून आली की नेत्रालाही मिळालेली होती. तेव्हा मुलगी म्हणून डावललं, असं म्हणायचीही सोय नव्हती. इतक्या न्यायानं केलेला अन्याय मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्या संध्याकाळी क्लासवरून येऊन ती पुन्हा वाचत बसली आणि जेवायला उठली तेव्हा तिची मान वळत नव्हती.

"आये, आज मी पन दमलेय," ती म्हणाली.

"कशान गो?"

"अभ्यासान."

भावेशला ठसकाच लागला. "पंख्याखाली बसून? मग आमी काय मेलो काय?"

"बसून कोन दमतंय गो," काशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिनं शेपटीकडची तुकडी नेत्राला वाढली. "काटा बघून खा."

नेत्राला रडू आलं. तिनं मान खाली घालून भात कालवला. दाखवायला तिच्या अंगावर काहीच नव्हतं, ना खारं पाणी, ना हाताला घट्टे. परक्या परीक्षकाला एका शब्दात पटणारी गोष्ट सख्ख्या आईला कशी पटवायची, हे कुठल्या क्लासात शिकवतात कोण जाणे.

परीक्षा आठवड्यावर आली आणि काशी जेटीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. बाजारातली तिची बसायची जागा सासूपासून चालत आलेली. कागद नाही, पावती नाही, जी रोज बसते तिची जागा. काही दिवस मासळीची पाटी दिसली नाही की शेजारची बाई आपली पाटी सरकवते, आणि एकदा सरकवलेली पाटी पुन्हा मागे घेत नाही.

"बुधवारी कोल्हापूरला माजी परीक्षा हाय, बाबा," नेत्रा म्हणाली.

"परीक्षा काय, पुना देता येते," हरिश्चंद्र म्हणाले. "जागा गेली तर गेली. मी आनि भावेश दर्यात. बसनार कोन?"

तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. काशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती एकदा जरी "जा तू" म्हणाली असती, तरी नेत्रा गेली असती. ती म्हणाली नाही.

बुधवारी नेत्रा बाजारात बसली. "ताजी हाय ताई, बघून घ्या!" ही हाक तिच्या तोंडून इतकी सहज निघाली की तिला स्वतःचाच संताप आला. दुपारी फोन वाजला. विनोद सर होते, परीक्षा कशी गेली ते विचारायला. मासे कापून हात लडबडलेले होते. वाजून वाजून फोन गप्प झाला.

घरी आली तर हरिश्चंद्रांनी तिच्यासाठी बंब पेटवून ठेवला होता. भावेशनं न सांगता तिची पाटी उतरवून घेतली. जेवताना काशीनं डाव्या हातानं कशीबशी उचलून मधली तुकडी तिच्या ताटात ठेवली.

"आज दमली माजी पोर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

नेत्रा दमली नव्हती. अभ्यासाच्या मानानं बाजारात बसणं तिला फारच सोपं गेलं होतं. हात चालत होते, डोकं रिकामं होतं. हे सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण आई तिच्याकडे बघत होती, आणि असं कौतुकानं बघून कितीतरी दिवस झाले होते.

तिनं तुकडी खाल्ली. ती गोड लागली, याचंच तिला सगळ्यांत वाईट वाटलं. मधला काटा तिनं ताटाच्या कडेला ठेवला.

"सकाळी बाजाराला हाक मारू ना गो?" काशीनं विचारलं.

"मार," नेत्रा म्हणाली.