दोन्ही निळे

परतवाडा ते चांदूर बाजार ही आमची इंटरनेटची लाइन तीन दिवस बंद होती, आणि मालक शेखरभाऊ माझ्यावरच घसरत होते. "तहरीम, तुह्या जोडणीतच खोट आहे."

जोडणी मी चारदा तपासली होती. खोट त्यांच्या खरेदीत होती. दोन टोकांच्या मशीनमध्ये खोचायची, प्रकाश सोडणारी आणि टिपणारी बोटाएवढी मॉड्यूल्स त्यांनी बैलजोडी घ्यावी तशी निवडली होती. दोन्ही निळ्या कडीची, अगदी एकसारखी. पण काचेची तार एकच असली की दोन टोकांचा प्रकाश वेगळा लागतो. निळ्याचं बोलणं फक्त जांभळ्याला ऐकू येतं. हे सांगितलं तर म्हणाले, "मले शिकवू नको."

चौथ्या दिवशी मी स्वतः अमरावतीहून जांभळं आणलं आणि चांदूरच्या टोकाला खटकन बसवलं. हिरवा दिवा लागला. लगेच परतवाड्याहून शेखरभाऊंचा फोन.

"चालू झालं. काय केलं वं तू?"

"काई नाई, भाऊ. दोघंही नुसते बोलून राहिले होते. मी एक ऐकणारं बसवलं. आता आपल्या ऑफिसात एक बसवायचं राहिलं."