चौथ्या फेऱ्याला पट्टा घसरतो

मुलांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एका राईस मिलमध्ये या. मिल बंद आहे, पण घाबरू नका. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या रस्त्यापासून थोडी आत, चार माणसांएवढी उंच, वर पत्र्याचं छप्पर. पत्र्याला गंजून भोकं पडली आहेत आणि त्यांतून दुपारचं ऊन बारीक काठ्यांसारखं खाली उतरलंय. मधोमध एक लोखंडी खांब आहे. फरशीच्या फटींत अजून धानाचा कोंडा अडकलेला आहे. दिसतंय सगळं? मग आता ऐका. काहीच ऐकू येत नाही ना? कवडू आजालाही असंच काही ऐकू येत नसे.

कवडू आजा या मिलचा जुना ऑपरेटर. तीस वर्षं तो यंत्राजवळ उभा राहिला. यंत्राने धानाचं टरफल काढता काढता आजाचे कानही नेले. समोर उभं राहून सावकाश बोललं, तर ओठांवरून त्याला कळायचं. वीस वर्षांपूर्वी मिल बंद पडली, मालक रायपूरला राहायला गेला आणि चावी आजाकडे राहिली.

मग एक दिवस उमेंद्र नावाचा गावातला मुलगा पुण्याहून परत आला. तिथे शिकत असताना तो एका तळघरात जायचा. त्या तळघरात रॉक संगीत वाजायचं. काळ्या भिंतींवर ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. कुणी कुणाला जात विचारत नसे, मार्क विचारत नसे. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला सगळ्यात मोठं काय वाटलं, तर ते तळघर, असं उमेंद्र सांगायचा. गोंदियात आल्यावर मात्र जो भेटेल तो एकच विचारी, "लागला का कुठं?" म्हणजे नोकरीला. उमेंद्रने आजाकडून मिल मागून घेतली आणि दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं : 'लागला का, हे इथे विचारू नये.'

हळूहळू पोरं जमली. उमेंद्र गायचा, रविता जाड तारांची बेस गिटार वाजवायची, स्वप्निल ड्रम. बाकीचे नुसते येऊन बसायचे. एकाने इंजिनिअरिंग सोडलं होतं, एक दिवसभर भिंतीवर मासे काढायचा. आणि टीना होती, आजाची अकरा वर्षांची नात. दर रविवारी रविता तिला बेस शिकवायची. टीनाच्या बोटांना घट्टे पडले होते आणि ते तिने शाळेत सगळ्यांना दाखवले होते.

पण लांब केसांची, काळ्या कपड्यांची पोरं बंद मिलमध्ये जमतात म्हटल्यावर लोक बोलणारच. नशा करून राहिले, असं टपरीवर कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या फुलचूरला माहीत झालं. कुलूप लावा, असं चौघांनी आजाला येऊन सांगितलं. आजाने त्यांचं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि पोरांना निरोप धाडला : रविवारी चार वाजता येतो. वाजवा. पटलं तर मिल तुमची, नाही तर कुलूप.

रविवारी पोरांनी एक चूक केली. म्हातारा माणूस, त्याला गोंगाट कसा चालेल, म्हणून त्यांनी आवाज अगदी कमी केला. स्वप्निल पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केस बांधून बसला. वर त्यांनी चक्क एक भजन बसवलं होतं. आजा खांबाजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्यासाठी ती तीन पोरं नुसती तोंडं हलवत होती. भजन संपलं तेव्हा त्याने खिशातून कुलूप काढलं.

रविताने गिटार गळ्यातून काढायला घेतली.

टीनाला मात्र एक गोष्ट माहीत होती. घरी पंप सुरू आहे की नाही हे बघायला आजा पाण्याकडे जात नाही, पाइपावर तळवा ठेवतो. गल्लीत ट्रॅक्टर आला, तर खाटेच्या पायाच्या थरथरीवरून ओळखतो. ती उठली आणि उमेंद्रला म्हणाली, "दादा, हळू काऊन वाजवून राहिले? आजा कानानं नाही ऐकत." मग तिने आजाचा हात धरला आणि त्या लोखंडी खांबावर नेऊन ठेवला.

उमेंद्रने सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. त्यांनी स्वतःचं गाणं सुरू केलं, त्या एका प्रश्नावरचं : काऊन विचारून राहिला, काऊन? म्हणजे, का विचारतोस, का? पहिल्याच ठोक्याला पत्रे थरथरले. फटींतला वर्षानुवर्षांचा कोंडा उडाला, उन्हाच्या काठ्यांत शिरला आणि सोन्यासारखा नाचू लागला. मासे काढणारा मुलगा तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. आजा खुर्चीतून उठला होता. त्याने दुसरा तळवाही खांबावर टेकवला होता. वीस वर्षांनी मिल चालू झाल्यासारखा त्याचा चेहरा दिसत होता.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने हात वर केला आणि पोरं थांबली.

आजा स्वप्निलकडे बघून म्हणाला, "बापू, चौथ्या फेऱ्याले तुझा पट्टा घसरून राहिला."

मुलांनो, मिलचं यंत्र पट्ट्यावर चालतं. पट्टा ढिला असला की फिरताना क्षणभर मागे पडतो, आणि हाताला ते लगेच कळतं. स्वप्निलही दर चौथ्या वेळी जरासा मागे पडत होता. या गाण्यात काहीतरी बिघडतंय म्हणून सहा महिने ती पोरं एकमेकांशी भांडत होती, पण नेमकं काय ते कुणालाच सापडलं नव्हतं.

आजाने तळव्याने खांबावर ठोके दिले. एक, दोन, तीन, चार. जुन्या मिलची चाल. स्वप्निलने शर्टाच्या बाह्या वर केल्या, केस मोकळे सोडले आणि ती चाल उचलली. रविता त्यात मिसळली, मग उमेंद्र. या वेळी गाणं कुठेच अडखळलं नाही. इतका मोठा आवाज, पण त्यात गोंगाट नव्हता. जणू सगळी इमारत एका छातीने श्वास घेत होती.

गाणं संपलं तेव्हा आजाने कुलूप खिशात परत टाकलं. उमेंद्रने चावीसाठी हात पुढे केला, पण आजाने ती टीनाला दिली. म्हणाला, "याईचा काय भरोसा. उद्या कुठं लागले म्हणजे पळतीन." सगळ्यात जोरात उमेंद्रच हसला. मग दाराला कोंड्याची पोती लावा, शेजारच्या बायाईले तरास नको, एवढं बजावून आजाने दोन्ही तळवे पुन्हा खांबावर ठेवले. पोरांनी गाणं परत धरलं.

टीनाने चावीची दोरी गळ्यात घातली. चपला काढून ती आजाच्या शेजारी उभी राहिली, दोन्ही कानांत बोटं घट्ट घातली आणि कपाळ त्या खांबाला टेकवलं.