उंदरांची दुपारची झोप

संशोधनशाळेच्या तळमजल्यावरील एका खोलीत सोळा पांढरे उंदीर वास्तव्यास होते. त्यांची देखभाल एका उतारवयाच्या सेवकाकडे असे. त्यास सारेजण मामा म्हणत. उंदीर हा प्राणी दिवसा झोपतो. या सोळांपैकी आठांच्या पिंजऱ्याचा तळ दर काही मिनिटांनी हळूच फिरे, त्यामुळे त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. उरलेल्या आठांनी सुखाने झोपावे, अशी योजना होती. संध्याकाळी एकेकास दोन दारांच्या पेटीत सोडीत. डाव्या दारामागे एक दाणा, हमखास. उजव्या दारामागे कधी चार दाणे, तर कधी नाकावर वाऱ्याचा सणसणीत झोत. झोप मोडलेला जीव धोक्याकडे अधिक धावतो काय, हा प्रश्न संशोधक बाईंनी दोन वर्षे उराशी धरला होता.

परंतु आक्रीत असे की, झोपणारे उंदीरही उजव्याच दाराकडे धावू लागले.

"मामा, दोन्हीकडचे सारखेच जुगारी निघाले हो!" बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत फरक दिसला नाही तर मोठे साहेब प्रयोग गुंडाळणार."

"शेजाऱ्यांची संगत लागली असेल, बाई."

बाई हसल्या, तथापि ते हसू ओठांवरच विरले.

मामांचे अंतःकरण कळवळले. झोपणाऱ्या आठांवर त्यांचा विशेष जीव होता. फिरत्या पिंजऱ्यांना हात लावण्याची मुभा नसल्याने सारी माया ते या आठांवर उधळीत. पिंजऱ्यातील भुसा आठवड्यातून एकदाच बदलावा, असा लेखी नियम होता. मामा मात्र रोज भर दुपारी, कोणास न सांगता, ताजा मऊ भुसा घालीत. बिचाऱ्यांना तेवढेच सुख!

गुरुवारी मामांची साप्ताहिक सुट्टी. घरी मुलगी महिन्याच्या बाळासह आलेली होती. दुपारी ती लवंडलेली पाहून मामांनी मायेने तिच्या अंगावर पांघरूण घातले. ती दचकून उठली.

"बाबा! आत्ता कुठे डोळा लागला होता."

"अगं, गार वाटेल म्हणून…"

"पांघरूण कुणी मागितलं होतं? झोपू द्या की मला!"

मामा तेथेच खिळले. भुसा बदलताना ते आठही जीव असेच दचकून उठत, कोपऱ्यात थरथरत, आणि मामा त्यास आनंद समजत!

मूग गिळून बसावे, तर बाईंचे दोन वर्षांचे कष्ट पाण्यात. सांगावे, तर नियम मोडल्यापायी नोकरी जाईल. मामांनी रात्रभर स्वस्थ झोप घेतली, ही विशेष गोष्ट होय. सकाळी उठले ते निश्चय करूनच.

"बाई, तुमच्या उंदरांची झोप मी मोडली. रोज, दोन वाजता." आणि मामांनी सर्व सांगितले.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, अहो प्रयोगाचे दोन्ही महिने!"

"रोज म्हणजे, गुरुवार सोडून," मामा पुटपुटले.

बाईंनी झडप घालून नोंदवही उघडली. पाने उलटता उलटता त्या एकदम थबकल्या. आठ गुरुवार. आठही गुरुवारी संध्याकाळी ते आठ उंदीर बहुतांशी डाव्या दाराने गेलेले. फिरत्या तळावरचे मात्र गुरुवारीही उजवीकडेच.

शनिवारी मोठ्या साहेबांनी नोंदी दोनदा वाचल्या.

"मामा, पुरावा सापडला तो तुमच्या गैरहजेरीत," ते म्हणाले. "चूक लेखी द्या. बाई, महिनाभर मुदत. पुन्हा पहिल्यापासून करा."

"आणि माझी नोकरी, साहेब?"

"दुपारी त्या खोलीच्या दारावर बसायला माणूस हवाच आहे."

सोमवारी दोन वाजता मामा दाराबाहेर स्टुलावर बसले होते. हात शिवशिवत होते, म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवले होते. इतक्यात नळदुरुस्तीवाला अवजारांची पेटी खडखडवीत आला.

"हळू रे बाबा! आत मंडळी झोपली आहेत."

"भर दुपारी? कोण मंडळी?"

"फार जागलेली," मामा कुजबुजले, आणि त्यांनी सरकून त्यास स्टुलावर जागा करून दिली.