विषबाधेचं फाटलेलं पान

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटात सगळ्यांत जाड आणि पाठ उसवलेला दिसतो तो मी, जनावरांच्या विषबाधेवरचा एक जुना ग्रंथ आहे. माझी बांधणी पुण्यात झाली. उस्मानाबादला मी बरीच वर्षं काढली. लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा खुर्च्या-टेबलांबरोबर ट्रकमधून इकडे आलो. इथे माझं काम कमी झालं. जो तो कॉलेजातल्या वहीवर भागवायचा. माझ्यावर चहाचे कप ठेवले जात. एकाने तर परीक्षेसाठी माझं पानच फाडून नेलं.

पुढे पावसाने दडी मारली. चारा संपला आणि लोक शेतातली सुकत चाललेली कोवळी ज्वारी गुरांना घालू लागले. एका दुपारी नागप्पा नावाच्या शेतकऱ्याने गाय ट्रॉलीत घालून आणली. त्याची दुसरी गाय सकाळीच दगावली होती. हीसुद्धा धापा टाकत होती.

"किराळ लागलीय, बाई. लवकर सुई द्या," तो नव्या डॉक्टर शिवकांताबाईंना म्हणाला.

कोवळ्या ज्वारीच्या विषाला इकडे किराळ म्हणतात. मोठे डॉक्टर नजीरसाहेब औषध भरू लागले. बाईंनी गाईचं रक्त काढून पाहिलं आणि त्या थबकल्या.

"साहेब, रक्त तपकिरी हाय. जरा थांबा, बघून घेते."

त्यांनी मला उघडलं. किराळीत रक्त लालभडक असतं. तपकिरी असेल तर विष नायट्रेटचं, तेही ज्वारीतूनच येतं; पण तेव्हा किराळीचं औषध जिवावर बेततं. एवढं माझ्यात होतं. उपचारासाठी त्यांनी पान उलटलं, तर तिथे नुसती फाटकी कड. मला फार लाज वाटली.

नजीरसाहेबांनी भरलेली सुई बाजूला ठेवली आणि परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात अर्जंट फोन लावला. तिथल्या ग्रंथपाल दानम्मांनी माझीच दुसरी प्रत काढून ते पान वाचून दाखवलं.

"मिथिलीन ब्लू. प्रमाण पुन्हा एकदा सांगा," बाई लिहून घेत म्हणाल्या.

ते औषध टोचल्यावर संध्याकाळी गाय उठून पाणी प्यायली. नागप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"मी ती सुई दिली असती तर गेली असती," नजीरसाहेब म्हणाले.

मित्रांनो, पुस्तकाचं पान फाडू नका. ते कुणाला, कधी लागेल, सांगता येत नाही.

काही वर्षांनी माझी नवी आवृत्ती आली. बाईंनी दोन्ही समोर ठेवून वाचलं आणि माझ्या समासात, एका दुसऱ्या औषधापुढे लिहिलं, 'हे प्रमाण बदललं आहे.' आधी वाईट वाटलं. मग पटलं. मला जपा, पण फक्त माझ्यावर विसंबू नका.