सहा पावलं मागे

वहिनीने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. सहा पावलं.

"बाकी तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "खिडकी द्या, नका देऊ. छत उंच करा, बुटकं करा. पण भिंतीपाशी रेघ मारली की मला सहा पावलं मागे जाता आलं पाहिजे. त्याशिवाय रेघ दिसत नाही."

"सहाच? सात का नाहीत?" दादाने विचारलं.

"सातव्या पावलाला माणूस स्वतःच्याच चित्राच्या प्रेमात पडतो. म्हणून तर तुम्हाला अकरा मीटर लागतात."

दादा मोठ्याने हसला. तेव्हा त्या दोघांमध्ये अशी थट्टा अजून चालत असे.

दादा, माझा मोठा भाऊ, तैलरंगात काम करतो. त्याचे कॅनव्हास इतके मोठे असतात की घराच्या दारातून ते तिरके करून काढावे लागतात. वहिनी कोळशाने काढते. दोघं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात शिकले. तिथले सर पहिलं चित्र तिचं लावायचे, हे दादाच सांगतो. अलीकडे जरा कमी सांगतो. गेली अकरा वर्षं वहिनी जेवणाच्या टेबलावर हातभर कागदावर काढत होती. मनगटातून. तिचं खरं काम खांद्यातून व्हायचं, पुरुषभर उंचीच्या कागदावर, आणि त्यासाठी लागणारी भिंत घरात नव्हती. होती ती भिंत दादाच्या कॅनव्हासांनी अडवली होती.

मग वहिनीच्या आईची जागा तिच्या नावावर झाली. त्या जागेवर चित्रदालन बांधायचं ठरलं: पुढे प्रदर्शनाचा भाग आणि मागे एकमेकांना लागून दोन स्टुडिओ. एक त्याचा, एक तिचा.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची संगणकावरची मॉडेल्स करते. शिकले पदार्थविज्ञान, त्यातही प्रकाश. खिडकीतून किती उजेड कुठे पडेल, दुपारी तीनला भिंत किती चकाकेल, हे बांधण्याआधी सांगता येतं आणि ते सांगणं हे माझं काम. घरात मला सगळे मिलिमीटर म्हणतात. वहिनी तेवढी 'मिली'वर थांबते.

"घरचंच काम आहे, तूच पूर्ण सांभाळ," असं आमच्या साहेबांनी सांगितलं. नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा इमारतीच्या दाराशेजारच्या पाटीवर माझं नाव येणार होतं. हे इथे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावाचून समजणार नाही.

मी टेप घेऊन वहिनीला मोजलं. स्वयंपाकघरासमोरच्या बोळात तिला चालायला लावलं. मागे टाकलेलं एक पाऊल बासष्ट सेंटिमीटर. सहा पावलांचे तीन मीटर बहात्तर. त्यात तिच्या अंगाची जाडी मिळवायची.

"पोट आत घेऊन मोजतेस की सोडून?" तिने विचारलं.

"सोडून. तुला तिथे श्वास घ्यायचाय."

अठ्ठावीस. एकूण बरोबर चार मीटर. इतका नेटका आकडा आला म्हणून मला आनंद झाला होता. उंची एक मीटर पंचावन्न. मॉडेलमध्ये खोल्यांचा अंदाज यावा म्हणून आम्ही एक माणूस उभा करतो. तयार मिळतात तसले, हातात बॅग, चेहरा नसलेले. तिच्या खोलीसाठी मी तो तयार माणूस वापरला नाही. वहिनीच बनवली. डावा खांदा किंचित खाली, केस मागे बांधलेले, उजव्या हाताची मूठ कोळसा धरल्यासारखी. दोन संध्याकाळी गेल्या. ती आकृती पाहून दादा म्हणाला, "भूत वाटतंय." वहिनी म्हणाली, "मीच आहे. बघा ना, कंटाळलेली दिसतेय."

दोन्ही स्टुडिओंमध्ये विरोध हवा, ही कल्पना दादाची. पण ती त्याला माझ्यामुळेच सुचली. डोळा काळोखाला सरावला की मग साधा उजेडही कितीतरी जास्त वाटतो, असं मी एकदा जेवताना बोलून गेले होते.

"मग झालं तर," तो म्हणाला. "लोक आधी तिच्या खोलीत डोकावतील. बुटकी, राखाडी, एकच झरोका. आणि तिथून माझ्या खोलीत पाऊल टाकलं, की वर सगळं आभाळ. काय?"

कल्पना चांगली होती. हे मी आजही नाकारत नाही. मी दोन्ही खोल्यांचा उजेड काढला, तेव्हा तिच्या खोलीच्या पंधरापट उजेड त्याच्या खोलीत होता, आणि पडद्यावर त्या दोन खोल्या शेजारी शेजारी इतक्या सुंदर दिसत होत्या की ऑफिसातली माणसं खुर्च्या सोडून बघायला आली.

मग दादा ऑफिसात येऊ लागला. आधी माझ्या मागे उभा राहायचा, पुढे खुर्ची ओढून बसायला लागला.

"मोठा कॅनव्हास ट्रकमधून थेट आत यायला हवा. शटर रुंद कर."

शटर रुंद केलं तर मधली भिंत वहिनीच्या खोलीत पंचवीस सेंटिमीटर सरकते, मी सांगितलं.

"मग सरकव. पंचवीस सेंटिमीटर म्हणजे काय, वीतभर."

नंतर शटरच्या आत कॅनव्हास वळवायला जागा हवी झाली. नंतर भिंतीलगत फ्रेमा ठेवायचं कपाट. बोट दिलं की मनगट धरायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत. माझ्या कंपासपेटीपासून मला ती ठाऊक आहे. मॉडेलमध्ये भिंत सरकवताना धूळ उडत नाही, आवाज होत नाही. माउसने धरायची, ओढायची. आकडा आपोआप बदलतो. ३.७५. ३.५०. ३.२०.

"दादा, तिला आता सहा पावलं मिळत नाहीत," मी म्हणाले. "चारच मिळतील. पाचवं अर्धं."

"अगं, ती काय रोज मोजणार आहे? आणि खरं सांगू? ती किती काढेल, तुला माहितेय का मला माहितेय? अकरा वर्षांनी एकदम खांद्यातून!" मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "जागा तिची आहे, तिची सही लागणार. सहीपुरतं तिला नीट वाटलं पाहिजे. नकाशा तिला कळत नाही. चित्र दाखव. चित्र छान कर."

"छान म्हणजे?"

"ते तुला कळतं. तुझंच शास्त्र ना?"

मला कळत होतं. डोळ्याला लांबी-रुंदी स्वतंत्रपणे मोजता येत नाही. तो ओळखीची एक वस्तू धरतो आणि तिच्यावरून बाकीचं ठरवतो. खोलीत माणूस उभा असेल, तर तो माणूस म्हणजेच पट्टी. पट्टी लहान केली की खोली मोठी. बिल्डरांच्या जाहिरातींत हे सर्रास चालतं. त्यावर मी अनेकदा हसले होते.

तीन पूर्णांक दोन मीटर चार वाटायला हवेत, तर माणूस शंभराला ऐंशी. मी वहिनीची आकृती निवडली आणि आकाराच्या चौकटीत ०.८ लिहिलं. एक मीटर पंचावन्नची एक मीटर चोवीस झाली. तिच्यासोबत स्टूल, टेबल आणि कागदाची गुंडाळी, सगळं त्याच प्रमाणात. दार लहान करता येईना, म्हणून दार चित्रात येणार नाही असा कॅमेरा ठेवला. चित्र मुद्दाम बाजूने घेतलं, खोली मधून कापल्यासारखं, कारण वहिनी कशी मोजेल हे मला माहीत होतं.

तिने तसंच मोजलं. मी मोठा छापील कागद टेबलावर ठेवला. तिने चष्मा लावला, पेन्सिल उभी धरली आणि अंगठ्याच्या नखाने तिच्यावर आकृतीची उंची पकडली, चित्रकलेच्या पहिल्या वर्षात शिकवतात तशी. मग तीच पेन्सिल आडवी करून भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकवत नेली. एक. दोन. आणि अर्ध्याच्या जरा पुढे.

"माझ्या अडीचपट आणि वर थोडं," ती म्हणाली. तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "चार मीटर. बसली सहा पावलं. बरोबर ना, मिली?"

पेन्सिलने मोजलेलं बरोबरच होतं. मी म्हणाले, "बरोबर."

"बघा, मी म्हटलं होतं," ती दादाला म्हणाली, "आपल्या माणसाने काम केलं की डोळे मिटून सही करावी." तरी तिने डोळे उघडे ठेवून मोजलं होतं आणि मगच सही केली. सही केली त्या नकाशावर, तिच्या बोटापासून चार इंचांवर, ३.२० असं स्वच्छ छापलेलं होतं. आकडा खोटा नव्हता. मी बरेच महिने स्वतःला हेच सांगत राहिले.

बांधकामाला वर्ष लागलं. वहिनी जागेवर दोनदाच आली. दोन्ही वेळा तिची खोली सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली होती. त्या खोलीतच पोती ठेवायला मीच सांगितलं होतं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी, सकाळी, किल्ल्या मिळाल्या. वहिनी कागदाची लांब गुंडाळी खांद्याला लावून आली. दुसऱ्या हातात कोळशाचा पत्र्याचा डबा, कॉलेजच्या काळातला. खोली रिकामी होती, राखाडी रंग नुकताच वाळला होता. झरोक्यातून उजेडाची पट्टी मी काढली होती तिथेच पडली होती, तंतोतंत.

"उजेड छान आहे गं," ती म्हणाली.

तिने गुंडाळी कोपऱ्यात उभी केली. भिंतीला तोंड करून उभी राहिली, हवेतच हात खांद्यापासून वरून खाली आणला आणि मागे निघाली. एक. दोन. तीन. चार. पाचवं पाऊल टाकताना तिची पाठ मागच्या भिंतीवर आपटली. फार जोरात नाही. ती तशीच उभी राहिली.

मग पुन्हा पुढे गेली आणि पुन्हा मोजलं. मोजण्यात चूक झाली असेल, ही शंका तिने आधी स्वतःवर घेतली.

"ही भिंत मागे सरकेल?"

"नाही. दादाच्या खोलीचं छत तिच्यावर आहे."

ती भिंतीकडे वळली. मग तिचा हात आपोआप उचलला गेला, अंगठा पेन्सिल धरल्यासारखा वर आला, आणि तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर मला ते कळलेलं दिसलं.

"किती लहान केलंस मला?"

मी झरोक्याकडे पाहिलं.

"मिली, तू आकडा विसरणारी नाहीस."

"वीस टक्के."

"म्हणजे उंची किती?"

"एक चोवीस."

"आठ वर्षांची पोर," ती म्हणाली. "दाखव कुठे येते."

माझ्या पर्समध्ये टेप असतोच. मी तो जमिनीला टेकवून भिंतीवर वर ओढला आणि एक चोवीसवर बोट ठेवलं. तिने डबा उघडला, एक कोळसा निवडला आणि माझ्या बोटापासून आडवी रेघ ओढली. खांद्यातून. सबंध भिंतभर, एका दमात, न थरथरता. बारा वर्षांनी.

मग ती मागे गेली, चार पावलं, आणि तिथून तिने रेघेकडे पाहिलं. रेघ तिच्या छातीपाशी येत होती.

"त्यांनी सांगितलं असेल, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "ते स्वतःला मोठं करण्यासाठी काहीही करतील. पण मी पेन्सिलने मोजत होते तेव्हा तू समोर बसली होतीस."

बाहेर दादाचा आवाज आला. तो रंगाऱ्याला काहीतरी समजावत आत आला आणि थबकला. "हे काय? कालच रंग झालाय! ही रेघ कसली?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती. वाट पाहत होती, हे मला स्पष्ट कळत होतं. दाराशेजारी पाटी कागदात गुंडाळून टेकवलेली होती, अजून लावायची होती.

"लेव्हलची खूण आहे," मी म्हणाले. "रंगाखाली जाईल."

"मग ठीक," दादा म्हणाला आणि रंगाऱ्याला हात केला.

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. कागदाची गुंडाळी उचलून खांद्याला लावली. दारातून जाताना ती गुंडाळी वरच्या चौकटीला अडकली, म्हणून तिला वाकावं लागलं. दाराची उंचीही मीच काढली होती.