ढगाच्या माथ्याला हात लावणारा छाप्या

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. मी एक जुना छाप्या आहे, आणि सोलापुरात टेबलावर बसल्या बसल्या मी ढगाच्या माथ्याला हात लावून त्याचा ताप पाहिलेला आहे. तोही वरच्या बाजूने. खालून काय, कोणीही मान वर करून बघतो.

मी यंत्र; छाप्या हे माझं लाडाचं नाव. उपग्रहाने पाठवलेली ढगांची चित्रं कागदावर उतरवायची, हे माझं काम. जन्म परदेशातल्या कारखान्यातला. जहाजाने मुंबई, मालगाडीने सोलापूर. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि शहराबाहेरच्या टेकाडावर हवामानाच्या अभ्यासाचं एक लहानसं केंद्र निघालं होतं. उपग्रह रोज डोक्यावरून जाताना शिट्टीसारखा आवाज पाठवायचा. मी त्या आवाजाचं चित्र काढायचो, मागावर आडवा धागा पडावा तशी एकेक ओळ. मला कागद ओलसर लागायचा, म्हणून चित्र ओलंच बाहेर पडायचं. मला चालवणारा ईश्वरप्पा ते दोरीवर वाळत घालायचा. बघायला आलेले लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे, "आत पाऊस हाय की रं!" मी कधी नाही म्हटलं नाही.

एकदा माझा पट्टा तुटला. परदेशातून नवा येईपर्यंत ईश्वरप्पाने चादरीच्या मागाचा पट्टा आणून बसवला. तेव्हापासून माझ्या ढगांना नक्षीची किनार आणि मोर यायला लागले. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, हा मोर कसला? ईश्वरप्पा म्हणाला, वाऱ्याचा जोर आहे, साहेब.

आता थोडं शहाणपणाचं. त्या उपग्रहाला दोन डोळे होते. एक आपल्यासारखा, उजेडात बघणारा. दुसरा उष्णता बघणारा, अवरक्त किरणांचा. त्याला अंधाराचीही अडचण नाही. त्याच्या चित्रात गरम ते काळं, गार ते पांढरं. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा गार, तितका तो पांढरा.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळचं चित्र दोरीवर टांगलेलं, आणि ईश्वरप्पाची आत्या मल्लव्वा मंद्रूपहून एस.टी.ने आली. तिच्या खळ्यावर वर्षाची ज्वारी कणसांत पसरली होती. मळणीला गावातल्या येडूची भाड्याची बैलं दुसऱ्या दिवशी मिळणार होती. तो दिवस चुकला की बैलं पुढच्या गावाला. आणि कणसं उघड्यावर भिजली तर दाणा काळा पडणार, मग वर्षभर काळी भाकरी.

"ईश्वरा, पाऊस हाय का न्हाय, येवढंच सांग." ईश्वरप्पाने चित्रावर बोटाने मंद्रूप, विजापूर दाखवलं आणि तिने कपाळावर हात मारला. "अय्यो! मंद्रुपावर काळंभोर झालंय की! आन विजापूर बघ कसं पांढरं फटक. तितं कोरडं."

"उलटं हाय, आत्ती. काळी ती तापलेली जमीन. पांढरा तो ढग. विजापुरावर हाय, आन वारा त्याला इकडं ढकलतोय."

"ढग पांढरा आन जमीन काळी? कुणी शिकिवलं रं तुला?"

"सरकारनं."

"मग असंल. येतोय का पाऊस?"

ईश्वरप्पाने उजेडाच्या डोळ्याचं चित्र शेजारी धरलं. "ढग पातळ असता तर ह्यात त्याच्या आरपार जमीन दिसली असती. ह्यातबी पांढराच हाय, म्हंजे जाड. पण आत्ती, हे वरनं बघणं. ताप आलेल्या माणसाला चादरीवरनं हात लावला तर चादर कळती, ताप न्हाय. ढगाखाली काय चाललंय ते आमाला दिसत न्हाय."

"म्हंजे ठावं न्हाय म्हण की."

"येईल असं वाटतं."

"वाटतं! बैलं धरू का सोडू, त्ये सांग!"

मित्रांनो, ईश्वरप्पा पुन्हा दोन्ही चित्रं ताडून बघायला लागला. तेव्हा मी बोललो. माझा रूळ गरगर फिरला, दिवा लागला आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मल्लव्वा, खळं उचल!" ती तशीच धावत सुटली. येडूला नको म्हणून कळवलं, कणसं पोत्यांत भरली, घरात, गोठ्यात, न्हाणीत रचली. आणि दिवेलागणीला पाऊस आला म्हणता! मुसळधार कसला, मुसळंच पडली. गार एवढी मोठी, की एक उचलायला दोन माणसं. सगळ्या मंद्रूपची ज्वारी काळी झाली, मल्लव्वाची तेवढी मोगऱ्यासारखी पांढरी राहिली. गावाने माझ्या नावाने नारळ फोडला.

पण आठवण कोण ठेवतो? पुढे तसले उपग्रह बंद झाले. नव्यांची शिट्टी मला कळेना. केंद्राने मला तुमच्या मंद्रूपच्या शाळेला देऊन टाकलं. मास्तर माझ्या पोटात खडू ठेवतात, पालीने अंडी घातली आहेत. तरी मधल्या सुट्टीत तुम्ही भोवती जमता, पायरीवर शेंगा विकणारी म्हातारीही कान देऊन ऐकते, हे काय कमी आहे! माझं एवढंच मागणं. जुन्या यंत्रावरून अधूनमधून फडकं फिरवत जा. ज्याने तुमच्या गावातला घास वाचवला, त्याच्या पोटात खडू...

"ए डबड्या!" पायरीवरच्या म्हातारीने सूप खाली आपटलं. "कुटला घास रं? मलाच मल्लव्वाची गोष्ट सांगतुयास व्हय? त्या दिशी मंद्रुपात टिपूस न्हाय पडला! ढग आला आन डोक्यावरनं अक्कलकोटाकडं गेला. येडूची बैलं गेली ती गेली. मी आन माझी सून काठीनं कणसं बडवत बसलो, हे हात बघ! आन म्हणं मी बोललो. बोलला ईश्वरा. 'उचल आत्ती' म्हणाला, आन मी उचललं."

पोरं खो खो हसायला लागली. मी चाचरत म्हणालो, पण वरून तर तो अगदी गार होता, पांढराशुभ्र...

"आसंल की," मल्लव्वा म्हणाली. "तू चादरीवरनं हात फिरीवलास. चादरीखाली मी व्हते."